फाईल क्रमांक दोनशे सात

तार्तूत डिसेंबरात तीनलाच दिवे लागतात.
उर्वेनं पेनड्राइव्ह माझ्या चहाशेजारी ठेवला :
काल्योच्या फाइली. पाचशे शहात्तर.
शुक्रवारपर्यंत सगळ्यांची एक कर.

काल्यो म्हणजे पेइप्सीच्या काठचा निरीक्षक.
अठ्ठेचाळीस वर्षं रोज सकाळी सरोवरावर.
बर्फाला भोक पाडायचं, पट्टी घालायची, आकडा लिहायचा.
निवृत्त झाल्यावर वह्या पुढ्यात घेऊन
दोन बोटांनी सगळं टंकत बसला,
महिन्याला एक फाईल.
तारीख, जाडी, पाण्याचं तापमान, वारा.
जुलैतही जाडीच्या रकान्यात शून्य,
एकतीस वेळा, न कंटाळता.

पहिल्या सहा मी हातानं केल्या.
उघड, निवड, चिकटव, मिट.
सातवीला मनगटानंच सांगितलं,
हे माणसाचं काम नाही.

मग लिहिलं :
या फोल्डरमधली नावं गोळा कर,
एकेक उघड, खाली खाली जोडत जा,
आणि ये रे माझ्या मागल्या.
चार ओळी. त्यांतली एक नुसता कंस.

पहिल्यांदा दहावा महिना दुसऱ्याच्या आधी आला,
यंत्राला अक्षरं कळतात, ऋतू कळत नाहीत.
मग बेचाळीस स्वल्पविराम पाच हा
त्याला आकडाच वाटेना.
समजावलं : बाबा रे,
आमच्याकडे दशांशाला टिंब नाही, शेपूट असतं.
जानेवारी एकाहत्तर घेऊन पाहिला. नीट आला.
शितावरून भाताची परीक्षा झाली
आणि मी एंटर दाबलं.

दोनशे सहा फाइली सरसर गेल्या.
दोनशे सातवर सगळं ठप्प.
मार्च अठ्ठ्याऐंशी, चौदावी ओळ :
आकडा हवा होता, अक्षरं सापडली.

उघडून पाहिलं.
जाडीच्या रकान्यात लिहिलं होतं,
'बर्फ बोलतोय. गेलो नाही.'

एका शब्दात उडवता आलं असतं.
जे आकडा नाही ते गहाळ समज,
पुढे चल.
बोट त्या शब्दावर होतं. फोन उचलला.

काल्यो आता शहाऐंशीचा. ऐकू कमी येतं,
म्हणून तारीख तीनदा ओरडून सांगितली.
हो, म्हणाला, त्या दिवशी आतून आवाज येत होता,
जड कपाट कुणी ओढत नेतंय तसा.
मग रकाना कोरा का नाही ठेवलात?
कोरा ठेवला असता
तर तुम्हाला वाटलं असतं मी पिऊन पडलो होतो.
आणि फोन ठेवून दिला.

रात्री एक ओळ वाढवली :
आकडा नसेल तर जागा रिकामी सोड,
पण शब्द फेकू नकोस,
शेजारी पाचवा रकाना कर, तिथे ठेव.

अकरा सेकंद.
साडेसतरा हजार दिवस एका तक्त्यात,
आणि पाचव्या रकान्यात, दूर दूर, एकोणतीस वाक्यं.
'पट्टी पाण्यात पडली. अंदाज लिहीत नाही.'
'मुलीचं लग्न.'
'धुकं. भोक सापडलं, घर सापडेना.'
'कुत्रा घसरला. आकडा बरोबर आहे.'

उर्वेनं आलेख पाहिला, रेघ मध्ये मध्ये तुटलेली.
इथे आजूबाजूची सरासरी भर ना,
लोकांना सलग रेघ आवडते.
मी हो म्हटलं. अजून भरलेली नाही.

शेवटची फाईल, डिसेंबर अठरा.
सगळे शून्य.
जुलैचे शून्य आणि हे,
यंत्राला दोन्ही सारखेच.
एकतीस तारखेपुढे पाचव्या रकान्यात :
'पट्टी घेऊन गेलो होतो.'